गाडीच्या गिअरबॉक्सचे ऑइल घरी कसे बदलावे

इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे अनेक वाहनमालक गिअरबॉक्सच्या ऑइलकडे मात्र वर्षानुवर्षे पाहतही नाहीत. हे ऑइल इंधनाच्या ज्वलनाच्या संपर्कात येत नसल्यामुळे ते लवकर काळे पडत नाही, हे खरे; परंतु बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइल गाळणारा फिल्टरच नसतो. त्यामुळे गिअरच्या दातांची आणि सिंक्रोनायझर रिंगांची (गिअर बदलताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांची) झीज होऊन निघालेले बारीक धातुकण त्याच ऑइलमध्ये फिरत राहतात. काही कंपन्या हे ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी असल्याचे सांगतात, तर काही ठरावीक किलोमीटरनंतर ते बदलण्यास सांगतात. गाडी दीर्घकाळ वापरायची असेल, तर ६० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते एकदा बदलणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे दिलेली पद्धत केवळ मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी आहे. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी वेगाचे प्रमाण सलग बदलणाऱ्या) प्रकारात ऑइलची पातळी बहुधा ठरावीक तापमानाला तपासावी लागते, त्यांचे ऑइलही वेगळे असते, त्यामुळे ते काम या पद्धतीने करू नये.

सर्वांत अधिक काळजी ऑइलच्या निवडीत घ्यावी. डब्यावर दोन गोष्टी पाहायच्या असतात: दाटपणा, म्हणजे ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० यांसारखा आकडा, आणि दर्जा, म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५. गिअर ऑइलच्या दाटपणाची मोजपट्टी इंजिन ऑइलच्या मोजपट्टीपेक्षा वेगळी असते, म्हणून ९० हा आकडा पाहून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट दाट असेल असे समजू नये. जीएल-५ हा आकडा मोठा आहे म्हणून ते अधिक चांगले, हा समजही तितकाच चुकीचा आणि अधिक महागात पडणारा आहे. जीएल-५ ऑइल मुख्यतः डिफरन्शियलमधील (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागातील) हायपॉइड नावाच्या तिरप्या दातांच्या गिअरसाठी असते. तेथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासतात आणि तो दाब पेलण्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक प्रमाणात मिसळलेली असतात. हीच द्रव्ये काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपायकारक ठरू शकतात. शिवाय, गिअर बदलताना या रिंगांना जे थोडे घर्षण आवश्यक असते, तेच नको तितके कमी झाले की गिअर अडखळत पडू लागतो. काही गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये चक्क ऑटोमॅटिकचे पातळ ऑइल किंवा इंजिन ऑइल घालायचे असते. त्यामुळे दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा गाडीबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेला दर्जा प्रमाण मानावा. ऑइल किती लागेल, तेही तेथेच सापडते. लहान आणि मध्यम गाड्यांना साधारणपणे दीड ते तीन लिटर लागते.

ऑइलबरोबर ऑइल काढण्याच्या आणि भरण्याच्या अशा दोन्ही प्लगसाठी (बुचांसाठी) नवीन वॉशर, प्लगच्या मापाचा पाना, ऑइल धरण्यासाठी पसरट ट्रे, नळी जोडलेला हातपंप किंवा मोठी सिरिंज, हातमोजे, चष्मा आणि भरपूर चिंध्या जवळ ठेवाव्यात. प्लगचे डोके कधी षटकोनी असते, कधी त्यात ॲलन कीचा खड्डा असतो, तर कधी चौकोनी खाच असते, म्हणून ते आधीच पाहून घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवावी. कोमट झालेले ऑइल लवकर वाहते आणि तळाशी बसलेला गाळही आपल्याबरोबर बाहेर आणते. त्यानंतर गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून, हँडब्रेक ओढून, जॅकने उचलून चारही बाजूंनी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही शिरू नये. केवळ पुढची बाजू उचलली, तर ऑइल निघेल खरे, पण भरताना पातळी चुकेल. म्हणून गाडी आडव्या रेषेत राहणे आवश्यक आहे. गाडी स्टँडवर आल्यावर हाताने हलवून ती पक्की बसल्याची खात्री करावी.

आता गिअरबॉक्स ओळखावा. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चाकांकडून येणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट ज्या ॲल्युमिनियमच्या पेटीत शिरतात, तो गिअरबॉक्स असतो. हे पाहिले नाही, तर शेजारचा इंजिन ऑइलचा प्लग उघडला जाण्याची शक्यता असते. गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल काढण्याचा ड्रेन प्लग असतो आणि बाजूला, थोडा वर, ऑइल भरण्याचा फिलर प्लग असतो.

फिलर प्लग नेहमी आधी सैल करावा. अनेक वर्षे न उघडलेला हा प्लग कधीकधी गंजून जाम झालेला असतो, आणि ऑइल काढून टाकल्यावर तो उघडलाच नाही, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवर अडकून पडते. प्लग हटत नसेल, तर आधी त्याभोवतीची माती तारेच्या ब्रशने झाडावी, गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबावे आणि पाना पूर्ण आत बसवूनच जोर लावावा. अर्धवट बसलेल्या पान्याने डोके गोल होते.

फिलर प्लग सुटल्यावर खाली ट्रे ठेवून ड्रेन प्लग काढावा. सुरुवातीची धार जोराची असते, म्हणून ट्रे थोडा पुढे सरकवलेला असावा. धार संपून थेंब थेंब पडू लागले, तरी आणखी दहा मिनिटे वाट पाहावी. तेवढ्या वेळात प्लगच्या टोकाकडे लक्ष द्यावे. अनेक प्लगच्या टोकाला चुंबक असतो आणि त्यावर करड्या रंगाचा, बोटांत चोळल्यावर मऊ लागणारा लेप जमलेला दिसतो. तो नेहमीच्या झिजेचा असतो आणि पुसून टाकला की झाले. मात्र त्यात बोटाला टोचणारे कपचे किंवा दाताचा तुकडा सापडला, तर गिअरबॉक्स मेकॅनिकला दाखवावा. ऑइल दुधाळ दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे.

ड्रेन प्लग पुसून, नवीन वॉशर घालून, आधी हाताने फिरवून बसवावा आणि मगच पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोराच्या मापापर्यंत) आवळावा. पेटी ॲल्युमिनियमची असल्यामुळे जास्त जोर लावल्यास आटे जातात आणि ते दुरुस्त करणे ऑइल बदलण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट महाग पडते.

त्यानंतर फिलरच्या भोकात नळी घालून पंपाने सावकाश ऑइल भरावे. बहुतेक गाड्यांत ते भोक हीच पातळीची खूण असते: ऑइल काठावरून बाहेर ओघळू लागले की थांबावे, ओघळ आपोआप बंद होऊ द्यावा आणि प्लग लावावा. भरलेले ऑइल पुस्तिकेतील मापापेक्षा बरेच कमी असतानाच ओघळ सुरू झाला, तर गाडी तिरकी आहे का ते पाहावे. काही गिअरबॉक्समध्ये मात्र मोजून ठरावीक ऑइलच ओतायचे असते.

गाडी खाली उतरवून थोडी फिरवावी, सर्व गिअर टाकून पाहावेत आणि दोन्ही प्लगभोवती ओल दिसते का ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे किंवा संकलन केंद्राकडे द्यावे.