पोलंडसाठी समिती मागायला मुंबईला निघण्याआधी

सगळ्यात आधी निवेदनातला ‘आयोग’ खोडून ‘समिती’ लिहा. मागच्या वेळी ‘पोलंडशी संबंध वाढवायला राज्यानं आयोग नेमावा’ असं ठोकून दिलं आणि तीन महिन्यांनी कागद परत आला. समासात पेन्सिलीनं एकच ओळ, ‘विषय केंद्राच्या अखत्यारीतील’. खोटं काही नाही, परराष्ट्र व्यवहार सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतच आहेत. पण शेती, पर्यटन, शिक्षण एवढ्यापुरती समिती राज्याला जीआर काढून नेमता येते. परराष्ट्र मंत्रालयात २०१४ पासून राज्यांसाठी वेगळा विभाग आहे, एक प्रत तिकडेही धाडा.

मग प्रश्न येणार, साताऱ्याचा काय संबंध? पोलंड म्हटलं की जो तो कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पचं नाव घेतो. घ्यावंच, १९४३ ते १९४८ तिथं दुसऱ्या महायुद्धातले पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, आणि २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं. आपली पाचगणी मात्र राहून जाते. त्याच निर्वासितांतले आजारी लोक हवा मानवते म्हणून इथं होते. म्हणून जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं, दफनभूमीच्या नोंदी, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, एवढं पदरात असल्याशिवाय निघू नका. म्हातारी माणसं आधी, कागद थांबतील. रजिस्टरच्या पानाचा फोटो काढताना ते अंगठ्यानं दाबू नका, कडेचा पापड मोडतो. पोलिश नावं कारकुनानं कानावर पडली तशी लिहिली असणार; ती सुधारायच्या भानगडीत पडू नका, जशीच्या तशी उतरवा.

समितीची कार्यकक्षा तीन ओळींत बसवा. स्ट्रॉबेरी, कारण पोलंडही मोठा उत्पादक आणि महाबळेश्वरच्या फळाला २०१० पासून भौगोलिक मानांकन. भिलारच्या पुस्तकांच्या गावात पोलिश साहित्याच्या मराठी अनुवादांचं एक कपाट. आणि महायुद्धात पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्या नावानं दरवर्षी २० पोलिश तरुण भारतात आणायची योजना २०२४ मध्ये जाहीर झाली आहे, त्यांचा दोन दिवस पाचगणीत मुक्काम. अभ्यासदौऱ्याचं नाव काढू नका, त्यावरच फायली अडतात.

अशासकीय सदस्य, मुदत, लेखाशीर्ष (खर्च कुठल्या खात्यातून) हे नेहमीचंच. तिकडून कुणी देणगी देतो म्हणालं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय रुपयाही घ्यायचा नाही.

पोच घेतल्यावर आवक क्रमांक तिथंच उजेडात धरून वाचा. गेल्या वेळी शिक्का इतका फिकट होता की तो ३ की ८ यावर आमची साताऱ्यापर्यंत भांडणं चालली होती.