मृत्युपत्र करताना : यादी, नॉमिनी, साक्षीदार आणि नंतरची कामे

मृत्युपत्र ज्यांच्या हातात पडते, त्यांतले बहुतेक जण तुम्हाला ओळखत नसतात. बँकेतला अधिकारी, सोसायटीचा सचिव, तलाठी आणि वेळ आलीच तर न्यायाधीश. खुलासा द्यायला तुम्ही तिथे नसता. ‘गावाकडचे घर धाकट्याला’ एवढे म्हटले की घरात सगळ्यांना कळते, पण परक्याला गाव कोणते, घर कोणते, धाकटा कोण, हे कागदावरूनच कळले पाहिजे. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

सुरुवात यादीपासून

वकिलाकडे जाण्याआधी घरी बसून यादी करा. शेतजमिनीसाठी गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र आणि ताजा ७/१२ व ८-अ. शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हे क्रमांक. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट. नंतर बँक खाती, पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी, विमा पॉलिसी, डीमॅट, म्युच्युअल फंड, लॉकर, दागिने, वाहन. कर्जही लिहा, तुम्ही घेतलेले आणि तुम्ही दिलेले. हातउसने दिलेले पैसे सहसा कुठेच नोंदलेले नसतात आणि माणसाबरोबरच बुडतात.

प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा : नाव कोणाकोणाचे आहे, नॉमिनी कोण आहे, आणि मिळकत स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. स्वकष्टार्जित मिळकत तुम्ही कोणालाही देऊ शकता. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र तुमचा स्वतःचा हिस्साच मृत्युपत्राने देता येतो, अख्खी मिळकत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि वडील त्या दुरुस्तीआधी वारले असले तरी तिचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ‘मुलींची लग्ने झाली, त्यांचा संबंध नाही’ असे गृहीत धरून केलेली मृत्युपत्रे नेमकी इथेच अडकतात. ७/१२ वर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधने असलेली जमीन) असा शेरा असेल तर ती जमीन मृत्युपत्रात घालण्यापूर्वी वकिलाला जरूर दाखवा.

मृत्युपत्र नसेल तर

सगळे आपोआप पत्नीकडे जाते असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना समान हिस्से मिळतात. पत्नी, दोन मुले आणि आई असतील तर राहत्या घरात पत्नीचा वाटा फक्त एक चतुर्थांश. वडील पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सर्वांत आधी हिस्सा मिळणाऱ्या, वारसांत येतच नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा अधिक कठोर आहे. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेले घरही आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने मिळालेल्या मिळकतीला तेवढा अपवाद आहे. म्हणून कमावत्या स्त्रीने, मूलबाळ नसेल तर विशेषतः, आपले मृत्युपत्र करायलाच हवे. नवऱ्याच्या मृत्युपत्रावर तिचे काम भागत नाही.

मुस्लीम कायद्यानुसार साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मिळकत मृत्युपत्राने देता येते. त्याहून अधिक द्यायची किंवा वारसांपैकीच कोणाला द्यायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने मृत्युपत्रानंतर लग्न केले तर ते मृत्युपत्र रद्द होते, नवे करावे लागते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी हा पैसे किंवा मिळकत ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, आणि ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर १९८३ मध्ये विम्याबाबत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअरबाबत सांगितले. विम्यात २०१५ पासून एक बदल आहे : आईवडील, पती किंवा पत्नी, मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर त्याला रकमेवर लाभार्थी म्हणून हक्क मिळतो. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, फ्लॅटचा मालक नाही.

तरीही नॉमिनी नेमाच, पैसे चटकन हाती येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. शक्यतो नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी एकच ठेवा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यात अजून आईचे नाव आणि मृत्युपत्रात पत्नीचे, यातून सासू-सुनेत उगाच दावा उभा राहतो.

प्रत्यक्ष लिहिताना

साधा कागद चालतो, मराठी चालते, मुद्रांक लागत नाही. वय १८ पूर्ण आणि मन ठिकाणावर, एवढीच पात्रता. सुरुवातीला पूर्ण नाव, वय, पत्ता आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवणी मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ हे वाक्य. मग कुटुंबातल्या व्यक्तींची नावे नात्यासह, आणि मग एकेक मिळकत.

कलम कसे असावे, ते पाहा : ‘मौजे अमुक, तालुका अमुक येथील गट क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक, ही माझी स्वकष्टार्जित जमीन माझ्या पश्चात माझी मुलगी अमुक हिला मिळावी. ती माझ्या आधी मयत झाल्यास तिच्या मुलांना समान हिस्स्याने मिळावी.’ दुसरे वाक्य लोक विसरतात, आणि लाभार्थी आधी गेला की त्या हिश्श्याचे काय करायचे यावर भांडण होते.

मुदत ठेवींचे क्रमांक लिहू नका. नूतनीकरण झाले की क्रमांक बदलतो आणि कागदावरची ठेव बँकेत सापडत नाही. ‘अमुक बँकेच्या अमुक शाखेतील माझ्या सर्व खात्यांतील व ठेवींतील रक्कम’ असे लिहा. आकड्यांऐवजी हिस्से लिहा. आज लिहिलेले दहा लाख तेव्हा खात्यात असतीलच असे नाही. शेवटी ‘यात उल्लेख नसलेली व यापुढे मिळणारी माझी उर्वरित सर्व मिळकत अमुक यांना मिळावी’ हे कलम हवेच, नाहीतर राहून गेलेली मिळकत वारसा कायद्याने वाटली जाते.

एखाद्या वारसाला काही द्यायचे नसेल तर त्याचे नाव गाळू नका. नाव घेऊन, कारण एका शांत वाक्यात लिहा. ‘त्यास हयातीतच घर घेण्यासाठी रक्कम दिली आहे’ हे पुरते. नाव गाळले की विसर पडला होता किंवा दबाव होता, असे म्हणायला जागा मिळते. राग ओतून लिहिलेल्या ओळी न्यायालयात तुमच्याच मनःस्थितीवर शंका आणतात.

मुले अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, असतील तर पालक नेमा आणि शिक्षणाचा खर्च कोणत्या पैशातून व्हावा ते लिहा. मृत्युपत्राचा व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, हिशेबाला चोख आणि वयाने तुमच्यापेक्षा लहान असावा. एक पर्यायी नावही द्या.

साक्षीदार

सगळे इथे तरते किंवा बुडते. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे निदान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझी’ असे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याने स्वतःची सही तुमच्या समोर करावी. नेहमीची चूक अशी : तुम्ही घरी सही करता, मुलगा कागद घेऊन शेजाऱ्यांकडे जातो आणि सह्या घेऊन येतो. असे मृत्युपत्र टिकत नाही. उद्या वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात हे सांगावे लागते. म्हणून वयाने लहान, पत्ता सहज सापडणारे आणि ज्यांना मिळकतीतले काही मिळणार नाही असे साक्षीदार घ्या. तिघांना एका खोलीत बसवून, एकाच पेनाने, एकाच बैठकीत सह्या करा. तुमची सही प्रत्येक पानावर हवी. तारीख आणि ठिकाण विसरू नका. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही.

वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. शक्य असेल तर डॉक्टरच एक साक्षीदार असू द्या.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. मूळ कागद हरवला तरी नोंद राहते आणि खोटेपणाचा आरोप करणे अवघड जाते. नोंदणी केली म्हणजे मृत्युपत्र अबाधित झाले असे मात्र नाही. नंतरच्या तारखेचे नोंदणी नसलेले मृत्युपत्रही आधीचे रद्द करू शकते. किरकोळ बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करा, तेही दोन साक्षीदारांसमोर. छापील प्रतीवर पेनाने खाडाखोड करू नका.

मूळ प्रत फक्त तुमच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला कागद लागतो आणि कागद लॉकरमध्ये असतो. कुठे ठेवले आहे हे व्यवस्थापकाला माहीत हवे.

हयातीत द्यायचे असेल तर

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई करू नका. मृत्युपत्र बदलता येते, बक्षीसपत्र सहसा फिरवता येत नाही. द्यायचेच असेल तर ‘सांभाळ करील या अटीवर’ आणि ‘हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून’ हे दस्तातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली असे बक्षीस रद्द करून घेता येते, पण अट लेखी असेल तर बाजू खूप भक्कम होते.

कुलमुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपते. त्यानंतर त्याच्या आधारे काढलेले पैसे किंवा केलेली विक्री थेट वादात जाते.

पाठीमागे राहिलेल्यांसाठी

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. शेतजमिनीवर वारसांची नावे लावण्यासाठी तलाठ्याकडे वर्दी (खबर) तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ती ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरूनही देता येते. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, प्रमाणित करतात. फेरफारामुळे मालकी सिद्ध होत नाही, ती फक्त महसुली नोंद आहे, तेव्हा ७/१२ वर नाव लागले म्हणून मृत्युपत्राची मूळ प्रत टाकू नका. भारतात वारसा कर नाही, मृताच्या मिळकतीवर लागणारे मालमत्ता शुल्क (इस्टेट ड्युटी) १९८५ मध्येच रद्द झाले. पण मृताचे शेवटचे आयकर विवरणपत्र वारसाने भरायचे असते. जुन्या खात्यांचा पत्ताच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव आणि पॅन घालून शोधा. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारसांना त्या बँकेमार्फत परत मागता येतात.