झोप येत नसेल तर आपल्याच आवाजात एक रेकॉर्डिंग करा

माझं काम आवाजाचं. माहितीपटांची निवेदनं, जाहिराती, फोनवर ‘कृपया थोडा वेळ प्रतीक्षा करा’ म्हणणारी बाई, हे सगळं करून झालं आहे. मध्यंतरी एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्या रुग्णांसाठी शिथिलीकरणाची रेकॉर्डिंग्ज करून मागितली. त्या काळात माझी स्वतःचीच झोप उडालेली होती, त्यामुळे हा प्रकार मी माइकसमोरही शिकले आणि अंथरुणात पडूनही. तयार रेकॉर्डिंग्ज हल्ली ढिगाने मिळतात. तरी माझा सल्ला असा की स्वतःसाठी स्वतःच्या आवाजात करा, आणि त्यात झोपेला बोलावू नका.

असं रेकॉर्डिंग म्हणजे एक प्रकारचं स्वसंमोहनच, म्हणून आधी संमोहनाबद्दलचा धुरळा खाली बसू द्या. लंबक, रोखलेले डोळे, ‘आता तू माझ्या ताब्यात आहेस’ हे सगळं रंगमंचावरचं. संमोहनात माणूस झोपलेला नसतो. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढला तर तो जागेपणाचाच निघतो. लक्ष एका जागी गोळा होतं, बाकीचं मागे पडतं आणि सुचवलेली गोष्ट मन फारशी हुज्जत न घालता घेतं, एवढंच. संमोहनाचा पूर्वज म्हणजे मेस्मर या वैद्याचं ‘प्राणिचुंबकत्व’, शरीरातल्या एका अदृश्य चुंबकशक्तीने रोगी बरे करण्याचा दावा. १७८४ साली पॅरिसमध्ये त्याची चौकशी करायला आयोग नेमला गेला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. चुंबकत्व वगैरे काही नाही, परिणाम होतो तो कल्पनेचा, असा त्यांचा निष्कर्ष. तो मेस्मरला खोटं पाडण्यासाठी होता, पण मला तो फार सोयीचा वाटतो. कल्पनेनेच काम होत असेल तर ती आपल्याकडेही आहे.

सगळ्यांकडे ती सारखी नसते, हेही खरं. सूचना किती सहज लागू पडते यात माणसामाणसांत फरक असतो आणि तो मोजण्यासाठी १९५९ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाची मोजपट्टी आहे. थोडे लोक फार पटकन रंगतात, थोडे जवळजवळ अजिबात नाहीत, बहुतेक आपण मधले. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना दुपारच्या डुलकीआधी संमोहनाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात पाण्यात खोल खोल जाणाऱ्या माशाचं वर्णन होतं. ज्यांना सूचना चटकन लागू पडत होत्या त्यांची गाढ झोप चांगलीच वाढली. बाकीच्यांना तो फायदा दिसला नाही. तुम्ही त्या बाकीच्यांत मोडत असाल तरी वाचणं सोडू नका, कारण खालचा पहिला भाग कल्पनेवर नाही, स्नायूंवर चालतो.

दिवसा स्नायू, रात्री शब्द

सुरुवात दिवसा करा. पोहायला पुरात शिकत नाहीत. पहिला आठवडाभर दुपारी किंवा संध्याकाळी, झोपेची कसलीही अपेक्षा नसताना, पंधरा-वीस मिनिटं पाठीवर पडा किंवा खुर्चीत बसा.

एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२९ साली स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्यांचं मूळ शिक्षण महिनोन्‌महिने चालायचं. आज वापरतात ती पुढे आटोपशीर केलेली आवृत्ती. एक स्नायुगट पाच ते सात सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून द्यायचा आणि अर्धा मिनिट त्या सुटलेपणाकडे नुसतं लक्ष द्यायचं. हाताच्या मुठी, दंड, खांदे कानांकडे उचलून, मग पोट, मांड्या, पावलं. पूर्ण ताकद लावू नका, निम्मी पुरे. पोटऱ्या तर जपूनच, नाहीतर गोळा येतो आणि शिथिलीकरणाचा बट्ट्याबोळ होतो.

चेहऱ्याला मात्र घाई करू नका. कपाळ वर चढवा, सोडा. डोळे घट्ट मिटा, सोडा. दात हलके दाबा, सोडा. खालचा जबडा सैल होऊन ओठ जरासे विलग झाले पाहिजेत. त्यानंतर जीभ. ही माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटणारी गोष्ट आहे: आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा जीभ आणि ओठ गप्प नसतात, तिथल्या स्नायूंत बारीक हालचाल चालू असते. जेकबसन यांनी ती उपकरणांनी मोजली होती. रात्री जो विचारांचा चरखा फिरतो तो बहुतांशी मनातलं बोलणंच असतं: उद्या त्याला काय सांगू, काल ती असं का म्हणाली. जीभ टाळूला दाबा, पाच सेकंद, सोडा. मग ती तोंडात खाली, जड, निकामी पडू द्या, जणू बोलणं अजून शिकलेलीच नाही. सैल जिभेने मनातल्या मनात एक वाक्य म्हणून बघा. वाक्य अर्ध्यावर विरघळतं. मला स्वतःला या एका गोष्टीचा जितका उपयोग झाला तितका बाकी कशाचाच नाही, म्हणून माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जीभ तीनदा येते.

श्वासाबद्दल थोडक्यात. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर हे प्रमाण बहुतेकांना जमतं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून बाहेरचा लांब. मोठमोठे श्वास ओढू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो.

संहिता कशी लिहायची

तयार रेकॉर्डिंग्जमध्ये मला सर्वांत खटकतं ते वाक्य म्हणजे ‘आता तुम्हाला गाढ झोप लागत आहे’. मला नसते लागत. मग मी तपासायला जाते, लागतेय का? तपासणारा माणूस जागाच राहणार. झोप प्रयत्नाने येत नाही, उलट प्रयत्नाने पळते. व्हिक्टर फ्रँकल हे मानसोपचारतज्ज्ञ तर निद्रानाश असलेल्यांना जागं राहायचा प्रयत्न करायला सांगत. तेव्हा संहितेत झोप हा शब्द जवळजवळ नकोच. शरीराबद्दल बोला.

क्रम असा ठेवा: आधी जे आत्ता खरंच आहे ते सांगा, कारण त्याला मन नाही म्हणू शकत नाही. मग जे व्हायला लागलंय ते. मग जे होऊ शकेल ते. जडपणा आणि ऊब या दोन सूचना जर्मन मानसोपचारतज्ज्ञ योहान्नेस शुल्ट्स यांच्या पद्धतीतल्या, १९३२ सालच्या, अजूनही सर्वांत भरवशाच्या. नकार टाळा. ‘काळजी करू नकोस’ म्हटलं की काळजीच आठवते. हुकूमही नकोत, ‘चालेल’, ‘हवं तर’, ‘आपोआप’ असे मोकळे शब्द वापरा. तू म्हणायचं की तुम्ही, असं मला लोक विचारतात. मराठीत दोन्ही टाळता येतं.

माझ्या संहितेचा तुकडा देते, हवा तसा बदला:

‘पाठ गादीला टेकली आहे. टाचा टेकल्या आहेत. डोक्याचा भार उशीने घेतला आहे. श्वास आत येतोय… आणि बाहेर जातोय. काहीच करायचं नाही. उजवा हात पडलेला आहे. जरा जड. श्वास बाहेर जाताना आणखी जरा जड. तळव्यात ऊब आहे, किंवा येईल, आपोआप. डावा हातही तसाच. जबडा सैल. जीभ खाली पडलेली. विचार येतील, येऊ देत, त्यांना उत्तर द्यायची वेळ आत्ता नाही. पावलं लांब कुठेतरी आहेत. ऐकलं तर चालेल, नाही ऐकलं तरी चालेल.’

‘नाही ऐकलं तरी चालेल’ हे वाक्य अवश्य ठेवा. त्याने पहारा उठतो.

यापुढे वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे, प्रत्येक आकडा एका बाहेर जाणाऱ्या श्वासावर. मधले काही आकडे मी मुद्दाम गाळते, म्हणजे मोजणारं मन नाद सोडतं. दृश्य हवं असेल तर ते तुमच्या ओळखीचं, थोडं कंटाळवाणं असू द्या. जिना उतरण्याची कल्पना फार वापरली जाते. ज्याला अंधारात जिना उतरायची धास्ती आहे त्याला ती नको. पाण्याचंही तेच.

रेकॉर्डिंग करताना

आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. रोज बोलताना आपण तो हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दुहेरी ऐकतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला उरतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री ते खटकेनासं होतं. फोन तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. वाक्याचा शेवट खाली न्या. बहुतेक लोक वाचताना शेवट वर उचलतात आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत जागा राहतो. दोन वाक्यांमध्ये एक अख्खा श्वास स्वतः घ्या, तेवढा वेळ आपोआप सुटतो. ‘गोड’ आवाज काढू नका, कंटाळलेला चालेल. संगीत नको, ते संपतं तेव्हा झोपलेला माणूस दचकतो.

दोन आवृत्त्या करा. दिवसाच्या आवृत्तीच्या शेवटी परत येण्याची सूचना हवीच: एक ते पाच मोजा, बोटं हलवा, हातपाय ताणा, डोळे उघडा, मग सावकाश उठा. रात्रीच्या आवृत्तीला शेवट नाही, आवाज हळू हळू विरत जातो. दोन्हींपैकी कुठलीही गाडी चालवताना ऐकायची नाही.

रात्री फोन विमान मोडवर, स्क्रीन खालच्या बाजूला, आवाज इतका कमी की ऐकायला किंचित कान द्यावा लागेल. त्याआधी संध्याकाळीच उद्याच्या कामांची यादी कागदावर उतरवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ सालच्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं अशी यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले. रेकॉर्डिंग संपलं आणि अजून टक्क जागे आहात? पुन्हा लावू नका. अंदाजे वीस मिनिटं झाली असतील तर (घड्याळ बघायचं नाही, अंदाजच) उठा, दुसरीकडे मंद दिव्यात काहीतरी रटाळ करा, डोळे मिटायला लागले की परत या. अंथरुणातून उठण्याचा हा नियम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला आणि मला तो अजिबात आवडत नाही, कारण थंडीत उठणं जिवावर येतं. पण अंथरूण म्हणजे जागत पडायची जागा, ही गाठ सुटते ती त्यानेच. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी.

दिवसाच्या धास्तीसाठी आणखी एक खूण तयार ठेवा. दुपारच्या सरावात शरीर चांगलं सैल झालं की अंगठा आणि तर्जनी हलके जुळवा आणि लांब श्वास सोडा. रोज, त्याच क्षणी. काही आठवड्यांनी क्रम उलटा वापरून बघा: बोटं जुळवा, श्वास सोडा, जीभ सैल. पहिली परीक्षा साध्या प्रसंगावर घ्या, रांगेत उभं असताना वगैरे. थेट मुलाखतीच्या दारात नको.

कुणाकुणाचं उलटं होतं. सैल व्हायला लागलं की छातीत धडधड वाढते, ताबा सुटल्यासारखं वाटतं. हे माहितीतलं आहे, तुमच्यात काही बिघडलेलं नाही. डोळे उघडे ठेवा, बसून करा, पावलं जमिनीवर, आणि फक्त हातांपुरतं करा. जुन्या आघाताच्या आठवणी वर येत असतील तर एकट्याने पुढे जाऊ नका. संमोहनाने ‘विसरलेल्या आठवणी’ काढून देतो म्हणणाऱ्यांपासून दोन हात लांब राहा. त्यात खोट्या आठवणी खऱ्या वाटू लागतात. भ्रम, भास किंवा उन्मादाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असं चाललं असेल तर डॉक्टरांकडे जाच. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांची अस्वस्थ वळवळ यांवर माझ्या आवाजाचा काय किंवा तुमच्या आवाजाचा काय, उपयोग नाही. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच कुणाशी तरी बोला. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आणि जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये शिफारस केली ती निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराची. वरचा अंथरुणातून उठण्याचा नियम त्यातलाच. तो करणारा तज्ज्ञ मिळाला तर हे रेकॉर्डिंग त्याच्या जोडीला ठेवा.

महिना-दीड महिन्याने रेकॉर्डिंगशिवाय एक रात्र काढून बघा. संहिता तोवर पाठ झालेली असते, पण ती म्हणायची नाही, म्हणायला लागलात की जीभ कामाला लागते. जबडा, जीभ, जड हात, मग वीसपासून उलटे आकडे. मोजदाद चुकली तर पुन्हा वीसपासून सुरू करायचं.