वळवाच्या आधी: लक्ष्मीपुरीत चटणीचा बाजार कसा करावा

होळी झाली की कोल्हापुरात घरोघरी विषय निघतो, यंदा चटणी किती किलोची? इथे चटणी म्हणजे ताटाच्या डावीकडची नव्हे, वर्षभर रश्शाला पुरणारं कांदा-लसणाचं तिखट. त्याचा बाजार होळी ते वळीव एवढ्याच दिवसांत करायचा असतो. आधी घाई केली तर नवी मिरची पुरती वाळलेली नसते. उशीर केला तर दुपारी आभाळ भरून येतं आणि गच्चीवर पसरलेली मिरची एका सरीत भिजते. ती पुन्हा वाळवली तरी आतलं बी काळं पडतं आणि कुबट वास चटणीत उतरतो. तेव्हा पाडव्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा एखादा रविवार धरा. रंगपंचमीचा दिवस मात्र टाळा, सकाळी दहानंतर रस्त्यावर पांढऱ्या कपड्यात फिरण्यात अर्थ नसतो. जोतिबाची चैत्र यात्राही पौर्णिमेला येते, त्या दोन-तीन दिवसांत शहरात गाडी घालू नका.

चार माणसांच्या घराला, रोज कालवण आणि रविवारी मटण असेल, तर 3 किलो मिरची पुरते. देठ आणि ओल मिळून किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम तूट जाते, म्हणून साडेतीन किलो घ्या.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजारात रविवारी सकाळी सातला पोचा, पण मिरचीकडे वळू नका. आधी माळवं, म्हणजे भाजीपाला. आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी लवकर बसतात आणि चांगला माल नऊपर्यंत संपतो. शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे ओळखायला विचारावंही लागत नाही. ज्याच्यापुढे दोन-तीनच जिन्नस आहेत, वांगी लहानमोठी आहेत, मेथीच्या मुळांना माती आहे, तो घरचा माल. ज्याच्याकडे सिमला मिरचीपासून सफरचंदापर्यंत सगळं एकसारखं रचलेलं आहे, त्याने ते मार्केट यार्डातून उचललेलं असतं. दोघांकडूनही घ्यावं, पण भाव दोघांना एकाच तोंडाने पाडून मागू नये. "मावशी, कुठल्या गावच्या?" एवढं विचारून पाच पेंड्या एकदम घेतल्या तर सहावी आपोआप पिशवीत पडते. भवानीच्या वेळी पाचशेची नोट काढू नका, सुट्टे ठेवा. आता पाटीच्या कडेला क्यूआर कोड लावलेला असतो, पण गर्दीत नेट अडकलं की रांग तुंबते.

या दिवसांत ओले काजूगर आजरा-चंदगडकडून येतात. सोललेले असतील तर ठीक, सालीसकट घेतले तर हाताला तेल चोळल्याशिवाय सोलू नका, चिकाने कातडी जळते. करवंदांचं थोडं थांबा. पाडव्याच्या सुमाराला हिरवी असतात, ती लोणच्याला घ्या. काळी मैना म्हणून खायची ती पन्हाळा-शाहूवाडीकडून नंतर येते.

दहा वाजले, ऊन चढलं, की मिरची.

पहिली फसगत ताडपत्रीची. लाल किंवा केशरी ताडपत्रीखाली कुठलीही मिरची लालबुंद दिसते. मूठभर घेऊन उन्हात या आणि तिथे बघा. नव्या मिरचीला चकाकी असते, देठ फिकट पिवळसर-हिरवा असतो. गेल्या सालचा कोल्ड स्टोरेजमधला माल मंद, विटकरी दिसतो, देठ तपकिरी होऊन बोटाने चुरतो. दोन्ही मिसळून विकतात, म्हणून पोत्याच्या तोंडावरची नव्हे, हात कोपरापर्यंत घालून खालची काढा. खालची हाताला गार आणि लवचीक लागली तर तिच्यावर पाणी मारलंय. वाळलेली मिरची हलवली की बी खुळखुळतं आणि मोडली की कट्‌ करून तुटते. वाकून दुमडली तर ओली. अंगावर पांढरे-पिवळे डाग पडलेली फटकी मिरची स्वस्त मिळते, पण तिच्याने रंगही येत नाही आणि चवही. एखादी फोडून आत बघा, करडी बुरशी दिसली तर ते पोतं सोडा.

रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी. बेडगीवर सुरकुत्या असतात, ती गडद असते आणि जिभेला सौम्य लागते. संकेश्वरी बारीक, लांब आणि झणझणीत. किलोला 600 ग्रॅम बेडगी आणि 400 ग्रॅम संकेश्वरी हे बहुतेक घरांना मानवतं. कालवणाने घाम फुटायला हवा असेल तर संकेश्वरीतली 100 ग्रॅम कमी करून तेवढी लवंगी घाला. नुसती बेडगी घेतली तर रस्सा लाल दिसतो पण पाणचट लागतो, मग दोन चमचे जास्त पडतात आणि चटणी दिवाळीलाच संपते.

बाकीचं सामान किलोभर मिरचीला असं: कांदा 1 किलो, सुकं खोबरं 250 ग्रॅम, धने 250, लसूण 250, तीळ 100, जिरे 50, आलं 50, सगळा खडा मसाला मिळून 100, खडा मीठ 250 आणि कोथिंबिरीची एक पेंडी. इथे चूक होते ती लसणाची. या दिवसांत नवा लसूण स्वस्त दिसतो, पण साल ओलसर आणि देठ मऊ असतो. असा लसूण चटणीत घातला की पाणी सुटतं. साल कागदासारखी सळसळणारी, गड्डा दाबला तर न दबणारा, असाच घ्या. खोबऱ्याची वाटी फोडून वास घ्या, खवट असेल तर महिनाभरात सगळी बरणी खवटते.

घरी आल्यावर मिरची सुती कापडावर दोन दिवस वाळवा, संध्याकाळी आत घ्या. आठवडाभर उन्हात ठेवली तर रंग उडतो. कांदा पातळ चिरून दोन दिवस उन्हात सुकवा, मग तेलात कुरकुरीत तळा. मध्ये मऊ राहिलेला कांदाच पुढे बुरशीला कारण होतो.

कांडपाला, म्हणजे चटणी कुटून देणाऱ्या गिरणीत, आदल्या दिवशी नंबर लावा आणि आपल्या आधी कुणाचा माल आहे ते विचारा. हळदीनंतर आपली चटणी कुटली तर रंग पिवळट येतो. मिरची आणि कोरडा मसाला आधी, कांदा-खोबरं मग, लसूण, आलं, कोथिंबीर शेवटी. शेजारच्या दोन-तीन घरांनी एकदम नेलं तर एक नंबर पुरतो आणि दिवसभराच्या रांगेत एकमेकींना सुट्टीही मिळते. मात्र आपापल्या पिशवीला चिठ्ठी बांधा, मिठाचं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं.

कुटलेली चटणी गरम असते. तशीच भरली तर झाकणाखाली वाफेचं पाणी होतं. रात्रभर कापडावर पसरून गार करा, मग उन्हात तापवून कोरड्या केलेल्या चिनी मातीच्या बरणीत तळाला हिंगाचा खडा ठेवून दाबून भरा, वर दुसरा खडा, तोंडाला दादरा, म्हणजे घट्ट बांधलेलं कापड. रोजच्या वापराची वेगळी छोट्या डब्यात काढा. मोठी बरणी महिन्यातून एकदाच, कोरड्या हाताने उघडा. वर पांढरा थर दिसला तर वरची दोन बोटं काढून भागत नाही, वास कुबट असेल तर ती बरणी टाकून द्या.