कॅश आयसा उघडण्याआधी काय काय तपासून ठेवावं

ब्रिटनचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं आणि त्या वर्षाची आयसाची (ISA, म्हणजे बचतीचं किंवा गुंतवणुकीचं करमुक्त खातं) पैसे भरण्याची मर्यादाही त्याच दिवशी बुडते, न वापरलेली पुढे नेता येत नाही. तेव्हा ही तयारी मार्च लागताच उरकावी.

आधी, आयसा लागतो तरी का, ते पाहा. साध्या बचत खात्याच्या व्याजालाही इथे सूट आहे: २० टक्के कर भरणाऱ्यांना वर्षाला १,००० पौंड, ४० टक्केवाल्यांना ५००, ४५ टक्केवाल्यांना शून्य. ४ टक्के व्याज धरलं तर २० टक्केवाल्याला २५,००० पौंडांच्या शिलकेपर्यंत व्याजावर कर बसतच नाही. त्याला साधं खातं जास्त दर देत असेल, तर त्याने खुशाल ते घ्यावं.

पण हा हिशेब मांडताना आपली मंडळी भारतातलं व्याज विसरतात. एनआरई एफडीचं (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या मुदत ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त असतं, पण तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असाल तर एचएमआरसीच्या (इथल्या करखात्याच्या) लेखी ते उत्पन्नच, आणि ते याच सवलतीत मोजलं जातं. १० लाखांच्या एफडीवर ७ टक्क्यांनी ७०,००० रुपये, म्हणजे सहाशेच्या आसपास पौंड. ४० टक्केवाल्याची सवलत तिथेच संपली. आता इथल्या साध्या खात्यातलं सगळं व्याज करात. आयसातलं व्याज या मोजणीत येतच नाही, रिटर्नमध्येही दाखवावं लागत नाही. म्हणून भारतातल्या बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र काढाच, सोबत खात्याचा पूर्ण उताराही घ्या, कारण प्रमाणपत्र ३१ मार्चपर्यंतचं असतं आणि इथलं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. (आधीची सलग १० वर्षं ब्रिटनबाहेर राहिलेल्यांना आल्यावर पहिली ४ वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते, पण ती मागितली की पगारावरची नेहमीची करमुक्त मर्यादा जाते. बहुतेक पगारदारांना हा सौदा परवडत नाही.)

कागदपत्रं फारशी नाहीत: नॅशनल इन्शुरन्स नंबर, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, वय १८ पूर्ण. आयसा संयुक्त नावाने उघडता येत नाही, नवरा-बायकोचे वेगवेगळे. मर्यादा माणशी २०,००० पौंड, शेअर्सचा आयसा धरून. एप्रिल २०२७ पासून पासष्टीच्या आतल्यांना त्यातले १२,०००च कॅश आयसात टाकता येतील, त्यामुळे मोठी शिल्लक असलेल्यांनी ते वर्ष उजाडण्याआधीच हालचाल करावी.

मुदतीचा आयसा घ्यायचा तर आधी पैसे कधी लागतील ते ठरवा, मोडला तर व्याज कापतात. ‘फ्लेक्सिबल’ आहे का, हेही विचारून घ्या: असेल तर काढलेले पैसे त्याच करवर्षात मर्यादा न वापरता परत भरता येतात.

जुना आयसा दुसऱ्या बँकेत न्यायचा असेल तर पैसे हाताने काढू नका, काढले की ते सामान्य पैसे झाले. नव्या बँकेचा ट्रान्स्फर फॉर्म भरा. कॅश टू कॅश बदली १५ कामकाजाच्या दिवसांत होते. ठेवींना माणशी १,२०,००० पौंडांपर्यंत हमी आहे, पण ती बँकेच्या परवान्यागणिक. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड यांचा परवाना एकच आहे, त्यामुळे दोन्हीकडे पैसे ठेवून हमी दुप्पट होत नाही.

भारतात परतणार असाल तर बँकेला कळवा. खातं ठेवता येतं, नवे पैसे भरता येत नाहीत. सुरुवातीची एक-दोन वर्षं आरएनओआर (रहिवासी, पण ‘सामान्य रहिवासी’ नाही) दर्जा मिळाला तर त्या काळात भारत या व्याजाकडे पाहत नाही, पण पूर्ण रहिवासी झालात की तेच व्याज भारतात करपात्र ठरतं, आणि खातं आयटीआरच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं.