टॅब्लेट अपडेट केल्यावर मेल बंद पडले, तर खाते काढण्याआधी काय तपासावे

सॉफ्टवेअर अपडेट होऊन टॅब्लेट पुन्हा सुरू झाला आणि तेव्हापासून मेल येईनासे झाले, की बहुतेक जण सर्वांत आधी ईमेल खाते काढून टाकतात आणि ते नव्याने जोडतात. हा उपाय पुष्कळदा लागूही पडतो, तरीही तो अगदी शेवटी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या आत्याच्या टॅब्लेटवरचे खाते मी असेच घाईघाईने काढले होते. ते जुन्या ‘पॉप’ पद्धतीचे होते आणि मेल टॅब्लेटवर उतरल्यानंतर सर्व्हरवरची प्रत पुसली जावी, अशी त्याची मांडणी होती. खाते काढताच कित्येक वर्षांचे मेल त्याच्याबरोबर गेले, आणि पुन्हा जोडल्यावर इनबॉक्समध्ये त्या दिवशी आलेले तीन मेल तेवढे दिसले.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये जाऊन खात्याचा प्रकार पाहावा. तेथे ‘आयमॅप’ असे लिहिलेले असेल किंवा येणाऱ्या मेलच्या सर्व्हरसमोर ९९३ हा पोर्ट (म्हणजे जोडणीचा क्रमांक) दिसत असेल, तर मूळ मेल सर्व्हरवर सुरक्षित असतात. ‘पॉप’ किंवा ९९५ दिसल्यास मात्र टॅब्लेटवरची प्रत ही एकमेव प्रत असू शकते, हे गृहीत धरूनच पुढे जावे. आयमॅप असले तरी आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल आणि काही अ‍ॅपमधले अर्धवट मसुदे फक्त टॅब्लेटवरच असतात, तेव्हा ते आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवावेत.

यानंतर त्याच टॅब्लेटवरील ब्राउझरमधून त्याच खात्यात लॉगिन करून पाहावे. नवे मेल तेथे दिसत असतील, तर इंटरनेट, पासवर्ड आणि सर्व्हर हे तिन्ही ठीक असून बिघाड मेलच्या अ‍ॅपमध्ये किंवा त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे, हे एका मिनिटात स्पष्ट होते. तेथेही मेल दिसत नसतील, तर अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही. कदाचित खात्याची जागा भरली असेल. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, त्यामुळे फोटोंनी जागा भरल्यावर मेल येणे थांबले, असेही घडते.

मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर तिचा विचार वेगळा करावा लागतो, कारण मेल पाठवणारा सर्व्हर स्वतंत्र असतो आणि त्याचे नाव, पोर्ट (सहसा ५८७ किंवा ४६५) व पासवर्डही सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे नोंदवलेले असतात. यांपैकी एखादा रकाना रिकामा झाला आहे का, हे पाहावे. आउटबॉक्सही उघडून पाहावा. अनेक सेवा सुमारे २५ एमबीपर्यंतचाच मेल स्वीकारतात, आणि जोडलेली फाइल पाठवताना तिचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढत असल्याने २० एमबीचा व्हिडिओही मर्यादेबाहेर जाऊ शकतो. असा एक मेल पुढे अडकला की काही अ‍ॅपमध्ये मागचे सगळेच खोळंबतात. अशा वेळी विमान मोड सुरू करावा, तो मेल आउटबॉक्समधून काढावा आणि मग मोड बंद करावा.

सर्वाधिक मनस्ताप होतो तो पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणून नाकारला जातो तेव्हा. ३० मे २०२२पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी, केवळ नाव आणि पासवर्ड पाठवणाऱ्या जुन्या अ‍ॅपना प्रवेश देणे थांबवले; आउटलुक डॉट कॉमनेही १६ सप्टेंबर २०२४पासून तसेच केले. त्यामुळे खाते जोडताना ‘इतर’ हा पर्याय न निवडता सेवेचे नाव निवडावे, म्हणजे त्या सेवेचे स्वतःचे लॉगिनचे पान उघडते. गूगलच्या बाबतीत अ‍ॅप जुनेच वापरायचे असल्यास द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे त्या अ‍ॅपपुरता वेगळा पासवर्ड, घेता येतो.

सुरक्षित जोडणी होत नाही, असा संदेश येत असल्यास आधी तारीख आणि वेळ तपासावी, कारण ती चुकली की सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरते. ती बरोबर असेल, तर टीएलएस १.० व १.१ या जोडणी सुरक्षित करण्याच्या जुन्या पद्धती नव्या प्रणालीने नाकारल्या असण्याची शक्यता असते, आणि त्यावरचा इलाज सर्व्हर सांभाळणाऱ्याकडेच असतो. एसएसएल (जोडणी सुरक्षित ठेवणारी सेटिंग) बंद करून किंवा ‘सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा’ हा पर्याय निवडून वाट काढण्याचा मोह कृपया टाळावा. तसे केल्यास सार्वजनिक वायफायवर तुमचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागू शकतो.

अ‍ॅप उघडल्यावरच मेल येत असतील, तर दोष खात्याचा नसतो. अँड्रॉइडवर अ‍ॅपची बॅटरी मर्यादा आणि खात्याचे सिंक तपासावे. अँड्रॉइड १३पासून सूचनांसाठी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते, तीही पाहावी. आयपॅडच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये जीमेल ‘पुश’ होत नाही, म्हणजे आल्याबरोबर पोहोचत नाही, ते ठरावीक अंतराने आणले जाते, म्हणून ‘फेच’ ‘मॅन्युअली’वर गेले नाही ना, याची खात्री करावी. ही सेटिंग्ज आयपॅडओएस १८मध्ये ‘अ‍ॅप्स’ या विभागात गेल्यामुळे जुन्या जागी सापडत नाहीत.

अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल, तर स्टोअरमधून ते अद्ययावत करावे आणि अँड्रॉइडवर ‘सिस्टिम वेबव्ह्यू’ (अ‍ॅपच्या आत वेबपाने दाखवणारा घटक) हेही अद्ययावत करावे, कारण मार्च २०२१मध्ये याच घटकाच्या सदोष अपडेटमुळे जीमेलसह अनेक अ‍ॅप बंद पडली होती. ‘कॅशे साफ करा’ निर्धास्तपणे दाबावे, त्याने फक्त तात्पुरत्या फाइल जातात, परंतु ‘स्टोरेज साफ करा’ने अ‍ॅपमधला मजकूर आणि सेटिंग्ज दोन्ही पुसली जातात.

एवढे करूनही मेल सुरू झाले नाहीत, तरच खाते काढावे. त्याआधी दोन्ही सर्व्हरची नावे, पोर्ट आणि युजरनेम यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत, आणि खाते पुन्हा जोडल्यावर टॅब्लेट चार्जिंगला लावून वायफायवर तसाच राहू द्यावा, कारण जुने मेल उतरायला कधीकधी काही तास लागतात.