कासच्या धुक्यात फ्लॅश कसा वापरावा

साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर कास पठार. ऑगस्ट-सप्टेंबरात इथं फुलं भरात येतात आणि नेमका तेव्हाच उजेड कमी असतो. अशा वेळी एक्स्टर्नल फ्लॅश फार कामी येतो. मात्र फोटो बघणाऱ्याला फ्लॅश मारल्याचं जाणवता कामा नये.

आधी कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्या. शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, आयएसओ ४०० इथून सुरुवात करा. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२०० ते १/२५० सेकंदाच्या आसपास असतो. शटर त्याहून वेगवान ठेवलं, तर फोटोत काळा पट्टा येतो. वेगवान शटरसाठीच्या हायस्पीड सिंक या फ्लॅशच्या सोयीमुळे तो टळतो, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते.

आता फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनं धुक्यातले थेंबच उजळतात आणि फोटो पांढुरका होतो. फ्लॅश दुरून उडवणारा वायरलेस ट्रिगर लावा आणि फ्लॅश फुलाच्या बाजूनं, थोडा वरून धरा. त्यावर उजेड पसरवणारा डिफ्यूझर हवाच, आणि तो फुलापासून वीतभर अंतरावर; जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली मऊ. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. म्हणून इतक्या जवळून फ्लॅशच्या पूर्ण ताकदीच्या १/१६ किंवा १/३२ भागही पुरतो. कमी ताकदीवर फ्लॅशची चमक अगदी क्षणिक असते, त्यामुळे वाऱ्यावर डुलणारी ‘सीतेची आसवं’ ही इवली फुलंही स्पष्ट येतात.

फुलामागं काळोख दिसतोय? फ्लॅशला हात लावू नका. शटर १/६० पर्यंत उतरवा, मागचं धुकं आणि गवत दिसू लागेल. फुलावरचा उजेड फार झाला, तर मात्र फ्लॅशची ताकद कमी करा.

दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती सापडली, तर फ्लॅश तिच्या मागच्या बाजूला न्या. केसांच्या टोकांवरचे चिकट थेंब असे काही झळाळतात की बघत राहावं! तिथवर पोचायला पायवाट सोडून फुलांत शिरू नका. फ्लॅश मोनोपॉडच्या (एका पायाच्या स्टँडच्या) टोकाला लावून लांबवा.

प्राण्यांना फ्लॅशचा त्रास नको, म्हणून रात्री बेडकांचे दोन-तीन फोटो झाले की पुढं निघा. घुबड, रातवा आणि कुठल्याही घरट्यावर फ्लॅश मारूच नये. कोयना-चांदोलीच्या जंगलात जाणार असाल, तर फ्लॅशबद्दलचे नियम वनखात्याकडे आधीच विचारून घ्या.